इराच्या खोलीतला डाग

३ नोव्हें., डार्मश्टाट, जर्मनी
इराच्या खोलीत कपाटामागे हिरवट-काळा डाग. तळहाताएवढा. तीन आठवडे पोरगी खोकतेय ती उगाच नाही. घरमालक हेर क्राउझना फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: "खिडक्या उघडत जा. तुमच्या स्वयंपाकाची वाफ." इतकं झटपट? डाग त्याला आधीच माहीत असणार. आम्ही येण्यापूर्वी वरून रंग फासला असणार.
निखिल म्हणतो, "बायको, तुला सगळ्यांचाच संशय येतो." येतोच. लॅबमध्ये मला पगार त्याचाच मिळतो.

५ नोव्हें.
वरच्या मजल्यावरच्या फ्राउ लेमान. शाळेत धर्म शिकवायच्या, हिब्रू येतं. डागाचं ऐकून हिब्रू बायबलमधला जुना शुद्धीचा कायदाच वाचून दाखवला. भिंतीवर हिरवट, लालसर डाग दिसला की मालकानं स्वतः पुरोहिताला कळवायचं. (मालकानं! क्राउझला ऐकवा म्हटलं.) घर सात दिवस बंद. पसरला तर दगड काढा, भिंत खरवडा.
"गेनाऊ, अगदी अचूक! किती शास्त्रीय, बघा," त्या म्हणाल्या. सात दिवस पटले. बुरशीच्या प्लेट्स आम्हीही तेवढ्याच ठेवतो. डागाभोवती पेन्सिलीची रेघ मारली.
पण पुरोहित यायच्या आत घरातलं सामान बाहेर काढायचं, म्हणजे ते अशुद्ध ठरत नाही. हे कसलं वैद्यक? बुरशी काय पुरोहिताची वाट बघत थांबते? मला तर सरळ लपवाछपवी वाटते.

९ नोव्हें.
इराला आमच्या खोलीत आणलं. ओल्या कपड्यांचा स्टँडही तिच्या खोलीतून इकडेच आणला, हीटरपाशी. खोकला जैसे थे. करारात लिहिलंय, कपडे तळघरात वाळवा. तिथे आठ घरांचे कपडे एकमेकांना चिकटून. कोण कशाला हात लावेल! मला नाही जमत.
क्राउझ १२ला तज्ज्ञ आणतोय. चूक आमची ठरली तर भिंत उघडणार नाही, आणि इरा अशीच खोकत राहील.

१२ नोव्हें.
सात दिवस झाले. डाग रेघेबाहेर बोटभर.
तज्ज्ञ सकाळी दहा वाजता येणार. साडेआठला स्टँड फ्राउ लेमानकडे नेऊन ठेवला. इरा: "ममा, वारुम फेरश्टेकन वीअर डास?" आपण हे का लपवतोय म्हणे. लपवत नाहीये गं, आवरतेय.
तज्ज्ञानं विचारलं, "कपडे घरात वाळवता?"
"नाही."
तज्ज्ञाला भिंतीतल्या पाइपचा संशय. फोडून बघणार. जिंकले.

१६ नोव्हें.
इरा चार दिवस खोकली नाही. सिरप तेच. खोली तीच. फक्त स्टँड नाही.
सामान आधी बाहेर काढा. हसले होते मी त्या नियमाला. आणि मी तरी इरासाठी कुठे काढलं? स्वतःची कातडी वाचवायला काढलं. लाज वाटते.
निखिल: "क्राउझला फोन कर, सांगून टाक." आणि पाइप खरंच गळत असला तर? डाग तर स्टँड हलवल्यावरही वाढलाच की. (की त्याआधी मुरलेली ओल...)
फोन हातात घेतला. ठेवला.

१८ नोव्हें.
कामगार आलेत. प्लास्टर खरवडतायत. क्राउझ पॅसेजमध्ये, हाताची घडी. तेवढ्यात जिन्यावरून फ्राउ लेमान, अगदी प्रेमानं: "तुमचा कपड्यांचा स्टँड आणून देऊ का आता?"
क्राउझनं वळून पाहिलं. "कुठला स्टँड?"
आतून कामगारानं त्याला हाक मारली, "हेर क्राउझ, हे बघा जरा." तो आत गेला. अजून तिथेच आहे. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. पाइप ओला निघाला की कोरडा, अजून कळलेलं नाही.