सफरचंदावरची मेणबत्ती

आई, इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. बेकरीत ऊब असते, जेवणाचे हाल नाहीत. तुझा गुडघा काय म्हणतो? बाबा गोळ्या घेतात ना?

आज मालकीणबाईंनी बिनदुधाचा, बिनअंड्याचा केक शिकवला. अंड्याऐवजी सफरचंद शिजवून, घोटून घालायचं, लोण्याऐवजी तेल. मला वाटलं, दगड होणार. पण असा फुलला की बघत राहावं.

पहिला तुकडा त्यांनी मला दिला. मी तोंडात घातला. आपल्या छोटीला दूध-अंडं सोसत नव्हतं, म्हणून दर वाढदिवसाला तू तिच्यासाठी सफरचंदावर मेणबत्ती लावायचीस. फुंकर मारून ती विचारायची, "ताई, केक कसा लागतो गं?" मी म्हणायचे, "सफरचंदासारखाच."

आज खरंच तसा लागला.

डोळे भरलेले पाहून बाई घाबरल्या. मी म्हटलं, तोंड पोळलं.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. असाही केक होतो, हे तेव्हा आपल्यात कुणाला ठाऊक होतं?

कृती मागच्या बाजूला लिहिली आहे. छोटी गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच वाढदिवस. यंदा तिच्या फोटोपुढे केक ठेव. मेणबत्ती मात्र कुणी फुंकू नका. तिची तिला विझू दे.

तुझीच,
मोठी