डक्टमधलं गाऱ्हाणं

घाटकोपर, रविवार

चि. धाकूस जयवंतभावोजींचा आशीर्वाद,

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या ताईची तब्येत विचारत नाही. रागात ती नेहमी ठणठणीत असते.

तिने तिची बाजू सांगितलीच असेल, आता माझी ऐक. या नव्या टॉवरमध्ये देव्हाऱ्याला जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, आणि ती खिडकी उघडते डक्टमध्ये (पाण्याचे पाइप वरखाली नेणारा अरुंद बोळ, बिल्डरने 'हवा खेळती राहील' म्हणून खपवला). तिथे मी रोज आपल्या रीतीने देवाला गाऱ्हाणं घालतो. उमेदीची वर्षं गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात गेली. तिथे चढलेला गळा गिरणी बंद पडली तरी उतरला नाही. त्या दिवशी बोलून गेलो, "बा देवा म्हाराजा, विमलाच्या हातातला मीठ वायच कमी कर!" आणि वरच्या मजल्यांवरून उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!" (अर्धी इमारत सिंधुदुर्गातली. गाऱ्हाणं कानावर पडलं की होकार दिल्याशिवाय राहवत नाही रे कोणाला.)

संध्याकाळी लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरच्या माधुरीने तुझ्या ताईला विचारलं, "काकी, आज मीठ बेताचं पडलं ना?" ताई घरात आली, "देवाला सांगितलंत ते सांगितलंत, सगळ्या बिल्डिंगला कशाला?" म्हणाली आणि पिशवी भरून तुझ्याकडे बोरिवलीला निघाली.

यात माझा दोष किती आणि हवेचा किती, हे मी शेजारच्या शीतलबाईंना विचारलं (त्या शाळेत विज्ञान शिकवतात). आवाज म्हणजे ऊर्जा, म्हणाल्या. हवा स्वतः कुठे जात नाही, नुसती शेजारच्या हवेला ढकलते. मला लगेच पटलं. चाळीत नळाच्या रांगेत मागून धक्का आला की पुढच्या बाईची कळशी पडायची, आणि ढकलणारी आपल्या जागीच! मैदानात आवाज चहूकडे पसरून विरतो. डक्टमध्ये पसरायला जागाच नाही, म्हणून सगळा जोर घेऊन वर. लोखंडी पाइपांतून तर हवेपेक्षा वेगाने पळतो. म्हणजे माझं गाऱ्हाणं देवाच्या आधी प्लंबरला पोचलं असणार.

तेव्हापासून खिडकी बंद ठेवतो. फ्रिजची घरघर ऐकत जेवतो. आमटी मीच करतो, मीठ अगदी बेताचं, पण घास उतरत नाही. करमत नाही रे.

तुझा
जयवंत

ता.क. : आज खिडकी उघडून देवाला हळूच म्हणालो, "विमलाक परत धाड, म्हाराजा." सगळे मजले ओरडले, "व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठ्याने माधुरी.

आणखी एक : हे पत्र ताईच्या हातात देऊ नकोस, फाडेल. तू आपलं स्वतःशीच वाच, पण मोठ्याने, ती भिंतीपलीकडे पोळ्या लाटत असताना. मिठाचा मजकूर आला की तेवढा मनातल्या मनात वाच.