चार महिने मोजलेला चट्टा

वारजे, पुणे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७ वाजून १० मिनिटे.

प्रिय ताई,

दूध तापत आहे आणि मी गॅसपाशी उभा राहूनच लिहितो आहे. फोन केला तर तू आधी रागावशील, मग रडशील, आणि माझे सांगायचे राहून जाईल. म्हणून लिहून झाले की पत्राचा फोटो आजच तुला पाठवतो. दाजींना व सासूबाईंना नमस्कार. अर्णवचे डोके झाकून ठेव, थंडी पडू लागली आहे.

गुरुवारी जावळ उरकल्यावर तू फोनवर म्हणालीस, "सख्खा मामा असून माझ्या पोराचं जावळ शेजारच्या महिपतीच्या मांडीवर काढलं!" तुझे खरे आहे. मालकांनी रजा नाकारली, हे मी खोटे सांगितले. त्यांनी रजा दिली होती, वर अंगड्यासाठी दुकानातले पिवळे कापडही दिले.

मग वाटले, सोरायसिसचे निमित्त सांगावे. खपल्या बाळावर पडतील, सासूबाई पुन्हा माझा टॉवेल वेगळा ठेवतील. पण हा रोग लागत नाही, हे दहा वर्षे मीच सर्वांना सांगत आलो आहे.

डाव्या मांडीवर एक चट्टा आला होता. नेहमीचाच समजून मी चार महिने नेहमीचे मलम लावले. दर रविवारी पडदे मापायच्या टेपने मोजून वहीत लिहिले. कोपरावरचे चट्टे कमी झाले, हा वाढतच गेला. शेवटी कर्वेनगरच्या डॉक्टर मॅडमना वही दाखवली.

"मापं सुरेख आहेत. पँट शिवणार होतात का त्याला?"

मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "हे बघा, सोरायसिस म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकांना तो होतही नाही. पण काही प्रकारांचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. म्हणून वेगळा वागणारा चट्टा लगेच दाखवायचा. आणि तंबाखू आजपासून बंद. तो धोका तुम्ही स्वतः खिशात घेऊन फिरताय."

होय ताई, तंबाखू. तू विचारलेस तेव्हा मी लवंग म्हणालो होतो. बुधवारपासून खाल्लेली नाही.

त्याच बुधवारी मॅडमनी चट्ट्याचा तुकडा तपासणीला काढला. दोन टाके आहेत. मांडी घालता येत नव्हती, पण खुर्चीवर बसून बाळाला घेता आले असते. भीती वेगळीच होती. अर्णव मांडीवर आला असता तर मी रडलो असतो, आणि बायका म्हणाल्या असत्या, मामाला बघा किती आनंद झालाय.

मंगळवारी अकरा वाजता रिपोर्ट मिळेल. मॅडम म्हणतात, बहुधा साधेच निघेल. फॉर्मवर सोबतच्या नातेवाइकाचे नाव विचारले होते. तुला न विचारता मी तुझे लिहिले.

रागावलेली असलीस तरी ये. दारापर्यंत वाटेल ते बोल. आत जाताना मात्र माझा हात धर. कोपरांवर चट्टे आहेत, तळहात स्वच्छ आहे.

तुझा, फार घाबरलेला,
सूरज