माय पेंत मागते

४ फेब्रु.
कामावर जाताना व्हॅनमध्येच बायकोचा, सिसिलियाचा फोन. मायला दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात थोडा हलतो. पण मराठी गेली. आता फक्त आमची कोर्लईची बोली, नौ लिंग, तीही तुटक. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या झटक्यानंतर असं होतं कधी कधी.
सिसिलिया वसईची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिला नौ लिंग येत नाही, कधी अडलंच नाही. पोरीला, रियाला मी शिकवली नाही. तिच्या कॉलेजसाठी कोर्लई सोडून अलिबागला राहतात, शेजारी आमचं कोणी नाही. म्हणजे उरलो मी, इथून.

६ फेब्रु.
रास अल खैमा, दुबईच्या पुढे. म्युझियममध्ये जहाजांच्या दालनाचं काम. नऊ शोकेसपैकी चार उभ्या.
जेवणाच्या सुट्टीत फोन स्पीकरवर. माय बोलते, मी सिसिलियाला मराठीत सांगतो. पाणी. खिडकी लाव. उशी काढ. एवढं जमलं. एक शब्द अडला. पेंत. तीनदा म्हणाली.
घरी आल्यापासून तोच शब्द; सिसिलियाला वाटलं, पेट. डॉक्टरांना विचारून दोन दिवस पोटाची गोळी देतेय. आज मायने थुंकून टाकली.

८ फेब्रु.
कोर्लईला चुलतभावाला विचारलं. त्यालाही माहीत नाही. म्हणाला, म्हाताऱ्या बायांचा शब्द असेल, आणि आता म्हाताऱ्या राहिल्यात किती.
माय जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडते.
रजा मागितली. फोरमन म्हणाला, उद्घाटन होऊ दे, मार्चमध्ये इन्शाल्ला.

९ फेब्रु.
दालनातले फलक लिहायला लिस्बनहून एक बाई आल्यात, तेरेझा. आज मी फोनवर असताना येऊन उभ्या राहिल्या. फोन ठेवल्यावर इंग्लिशमध्ये विचारलं, ही कुठली भाषा? म्हटलं, गावची. त्या म्हणाल्या, मला पाणी कळलं, खिडकी कळली.
चोरी पकडल्यासारखं झालं. का ते माहीत नाही. शाळेत पोरं आम्हाला फिरंगी म्हणायची. आमचे पूर्वज किल्ल्यावरचे पोर्तुगीज शिपाई, बोलीही त्यांच्यापासूनची, हे गावात सगळ्यांना ठाऊक. पण त्यांच्या देशाचं माणूस मी पहिल्यांदाच समोर बघितलं.
मग मीच विचारलं, पेंत म्हणजे काय?
त्यांनी पाची बोटं केसांतून फिरवली.
फणी. आम्ही सगळे फणीच म्हणतो.
तिथूनच घरी फोन. दवाखान्यात केस करकचून बांधले होते ते तसेच होते, आठ दिवस. दुखेल म्हणून सिसिलियाने हात लावला नव्हता. ती फोनवर रडली. म्हणाली, एवढंच मागत होत्या हो.

१० फेब्रु.
रियाचा मेसेज, इंग्लिशमध्ये. तिने तासभर बसून गुंता सोडवला. आजी पेज प्यायली आणि झोपली.

१२ फेब्रु.
इथला सईद, म्युझियमचा माणूस, त्याला आमच्या पोर्तुगीज पूर्वजांचं कळलं. चहा देताना म्हणाला, तेरे दादा ने मेरे दादा की नाव जलाया. हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. फलकावर आहेच, पोर्तुगीजांनी हा किनाराही तोफांनी भाजला. म्हटलं, हबीबी, माझ्या आजीची आजी पण किनाऱ्यावरचीच होती, जहाजावरची नाही. त्याने परत माझा कप भरला.
दुपारी सगळे फलक वाचून काढले. किल्ले, तोफा, मिरी, कप्तान. बाई एकही नाही. तेरेझांना तसं म्हणालो. शिपाई आले, गेले. बोली आमच्या बायांनी पोरांशी बोलून ठेवली. त्या म्हणाल्या, त्यांची नावं कुणी लिहिलीच नाहीत. मग विचारलं, तुमच्या आईचा आवाज रेकॉर्ड करू? इथे लावता येईल.

१५ फेब्रु.
घरी विचारलं. सिसिलिया म्हणाली, आजारी माणूस आहे, शोकेसमध्ये ठेवायची वस्तू नाही. बरोबर आहे तिचं.
रियाने फोन घेतला. "पप्पा, आय विल रेकॉर्ड हर. पण आधी मला शिकवा, मला कळलं तर पाहिजे ती काय बोलते."
कशी शिकवतात? मला कुणी शिकवली नव्हती. आज दहा शब्द सांगितले. तिने ते इंग्लिश अक्षरांत लिहून घेतले.

१८ फेब्रु.
सकाळी माय सिसिलियाला मराठीत म्हणाली, चहा दे. घरात आनंद. मलाही झाला. डॉक्टर म्हणतात, हळूहळू सगळी मराठी परत येईल.
संध्याकाळी पाचला फोनवर मी मायला विचारलं, ती पोर्तुगालची बाई तुझ्याशी बोलू म्हणते, बोलशील? तेरेझांना गुरुवारी परत जायचंय, त्याआधी उत्तर हवंय.
मायला हसू आलं. अर्ध्याच तोंडाने. त्या बाईचं राहू दे म्हणाली, आणि पुढचं आमच्या बोलीत, अगदी सावकाश विचारलं, तू घरी कधी येतोस?
मी मराठीत म्हणालो, बघतो.