घशापलीकडचं माप

४ मार्च
पोचले एकदाची! प्रवासात कंबरेचा काटा ढिला झाला, पण मजा वाटतेय. सहा वर्षं नगररचनेच्या कचेरीत बसून गटारांचे नकाशे काढले, आता थेट गुहेचा काढायचा. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, गटारापेक्षा खोल चाललीस म्हणजे बढतीच की! खोली लहान आहे पण उजेडाची. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत, हे सुख आमच्या कचेरीत कधी मिळालं नाही.

ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते मास्तर. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. पन्नाशीचे, काटक, मोजकं बोलणारे, पाण्याखाली पोहण्यात पटाईत. गुहेतल्या झऱ्याचं पाणी गावाला जातं, म्हणून तोंडाशी लोखंडी जाळीचं दार आणि माझ्या पंजाएवढं कुलूप. चावी चौकीतल्या मावशींकडे. आत कोण गेलं, कधी बाहेर आलं, सगळं त्या वहीत लिहितात. माझी सही बघून म्हणाल्या, अक्षर बरं आहे गं तुझं, मास्तरांचं म्हणजे मुंग्यांची वरात.

५ मार्च
आज पहिल्यांदा आत. दोन दालनं चालत, मग एक बोगदा कोपरांवर सरपटत. कोपरं सोलवटली. तिसऱ्या दालनाच्या टोकाला छत खाली वाकत वाकत पाण्यात बुडतं. त्याला सगळे घसा म्हणतात. तिथून पुढे जायचं तर बुडी मारूनच, आणि पुढचा नकाशा कोणाकडेच नाही. उजव्या हाताला दोन पुरुष उंचीवर एक कपार आहे, तेवढीच कोरडी. बाकी भिंतींवर वरपर्यंत चिखलाच्या रेघा. वर डोंगरात पाऊस झाला की तासाभरात हे सगळं भरतं, म्हणून ढग दिसले की प्रवेश बंद.

बाहेर आल्यावर मावशींनी चहा दिला. मास्तर हातपाय धुवायला गेलेले पाहून हळूच सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी मास्तरांचा धाकटा भाऊ घशात उतरला आणि मागून पूर आला. अकरा दिवस शोधलं. काही म्हणजे काही सापडलं नाही. घशाच्या अलीकडे त्याची दोरी धरून मास्तरच उभे होते. पाणी गळ्याशी आलं तेव्हा त्यांनी ती सोडली. हे मी तुला सांगितलं असं बोलू नकोस, म्हणाल्या.

७ मार्च
जसं झालं तसं लिहिते.

घशाची लांबी मोजायची होती. मास्तर टेपचं टोक घेऊन पाण्यात शिरले. टेपचं चक्र माझ्या हातात. टोक पलीकडे टेकवलं की दोन झटके द्यायचे, मग मी माप वाचायचं, असं ठरलेलं. टेप सरसर गेली, ताणली, दोन झटके आले. एकोणीस मीटर चाळीस. लिहिलं.

लिहून मान वर केली तर मास्तर समोरच पाण्यातून वर येत होते, रिकाम्या हातांनी. धापा टाकत म्हणाले, जमलं नाही, अर्ध्यावर दम संपला, टोक तिथेच सुटलं.

टेप अजून ताठ होती.

मी त्यांना झटक्यांचं सांगितलं. वाटलं होतं, खडकात अडकलं असेल म्हणतील. ते मटकन खाली बसले आणि विचारलं, किती? मी म्हटलं, दोन. मग तोंडावर हात घेऊन बराच वेळ रडले. तेवढ्यात टेप एकदम सैल पडली. गुंडाळत आणली तर टोकाला गाठ मारलेली. मास्तरांनी ती बोटांनी चाचपली. अशी उलटी गाठ आमचा धाकटाच मारायचा, म्हणाले.

८ मार्च
रजा. कोपरं ठणकतायत. दादाला फोन लावला. जेवण बरं मिळतं, एवढंच सांगितलं.

९ मार्च, सकाळ
डोंगरावर ढग. दहा दिवस प्रवेश बंदचा कागद लागला. मावशी कुलूप घालून लेकीकडे गेल्या.

मास्तरांकडे दुसरी चावी आहे. म्हणतात, एकच तास. तू फक्त दोरी धर, मी जाऊन बघून येतो. वहीत नोंद नाही, कोणाला पत्ता नाही. नाही म्हणायला हवं. पण दोरी सोडल्याची गोष्ट ऐकल्यापासून मला त्यांच्या हातांकडे बघवत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तो नकाशा पुरा हवाय. माझ्या सहीचा.

हो म्हटलं.

९ मार्च, दीड वाजता
नकाशाच्या वहीतच लिहितेय, हिचा कागद भिजत नाही. मास्तर जाऊन अकरा मिनिटं झाली. पाणी मघाशी घोट्याला होतं, आता गुडघ्याला. गढूळ झालंय. दोरी ओढते, उत्तर नाही —

पावणेदोन
मास्तर आले. एकदाच डोकं वर काढलं. हसत होते. म्हणाले, आहे गं तो, बसलाय कोरड्यावर. एकटा यायला घाबरतो. आणतो त्याला.

मी ओरडले, पाणी चढतंय, चला बाहेर! दंडाला धरलं. त्यांनी दोरी कापली आणि गेले.

अडीच
कपारीवर आहे. बोगदा भरला. बाहेर जायची वाट नाही. पाणी पायाखाली हातभर. आम्ही आत आहोत हे कोणालाच माहीत —

दादा, चूक माझीच. मास्तरांवर ढकलू नकोस.

तीन वाजून गेले
पाणी थांबलं. खरंच थांबलं. दिवा पिवळा पडलाय. एकटी असले तरी जिवंत —

घशाकडून लाटा येतायत. कोणीतरी पोहतंय. दिव्याशिवाय.

दोन डोकी.

मास्तर आहेत. एक तास पाण्याखाली होते. एक तास. दुसरा त्यांच्या मागे, त्याचं तोंड मी बघणार नाही

कपारीच्या कडेला हात टेकलेत. चार.

मास्तर म्हणतायत, सरक गं जरा, तिघं मावू. प्रेमाने म्हणतायत. आणि बोलताना त्यांच्या तोंडातून पाणी येतंय, थांबतच नाही, नुसतं —