पुढे जुने, मागे रेसिंगचे

४ सप्टेंबर
ब्रेक पॅड आले. रेसिंगचे! डब्यावर ‘फक्त मागच्या चाकांसाठी’ असं छापलंय. परत घेत नाहीत.
संध्याकाळी: शांतपणे विचार केला. पुढचे जुने आहेत, पण चालताहेत. पळत्या पोराला आपण मागून कॉलर धरूनच थांबवतो. मग गाडीला का नाही? मी मुद्दामच मागचे मागवले असणार.

५ सप्टेंबर
धाकट्या भावाचं गॅरेज आहे, म्हणून उगीच फोन केला. दादा, मागचे पॅड पुढच्यांपेक्षा जास्त पकडणारे नकोत, ओल्या रस्त्यावर मागची चाकं जाम होतील आणि गाडी गरकन फिरेल, असं म्हणाला. लहानपणापासून जळतो माझ्यावर. पॅड मीच बसवले. अंगठ्याचं नख काळं पडलंय. किरकोळ.

८ सप्टेंबर
ब्रेक मारला की गाडीचा मागचा भाग जरा डोलतो. जिवंत वाटते गाडी. माझ्यासोबत ऑफिसला येणारे दोघेही एकदम सावध बसतात. आधी पेंगायचे.

११ सप्टेंबर
मुलीला पोहण्याच्या क्लासहून आणत होतो. रस्ता ओला. सिग्नलला ब्रेक मारला. गाडी थांबली, हे महत्त्वाचं. फक्त तोंड घराऐवजी पुन्हा क्लासकडे झालं. मागून येणारा टेम्पोवाला एकदम समोर दिसला. तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. मुलगी मागच्या सीटवर टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसत होती. खांदे नुसते गदगदत होते. धीट आहे, माझ्यावर गेलीय. आईला सांगायचं नाही असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

१४ सप्टेंबर
ऑफिसवाले दोघे आजपासून बसने. एकाला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणे. बसमध्ये कुठे चालणार? दुसऱ्याने कारणही दिलं नाही. इतकी वर्षं दारातून घेतलं, दारात सोडलं. हेच फळ.

१५ सप्टेंबर
बायकोने दिवसभरासाठी गाडी मागितली. तिच्या मावशीला दवाखान्यात न्यायचंय. दिली. मन मोठं लागतं. पॅड अजून सेट होताहेत, जोरात दाबू नकोस, असं बजावलं. ‘हो’ म्हणाली. वाद न घालता!

१६ सप्टेंबर
झाले सेट! ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला, गाडी नाकासमोर सरळ थांबली. डोलणं नाही, काही नाही. मी म्हणतच होतो. धाकट्याला फोन केला, रविवारी जेवायला ये, तुला गाडी दाखवतो. ‘येतो’ एवढंच म्हणाला. हरलेला माणूस काय बोलणार?

२० सप्टेंबर
जेवणानंतर सगळ्यांना गाडीत घातलं. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला, ब्रेक मारला, सरळ थांबलो. मागच्या पॅडचं महत्त्व समजावून सांगितलं. धाकटा खिडकीबाहेर बघत होता. तेवढ्यात मुलगी म्हणाली, बाबा, आता काकाने चारही बदललेत ना, आता नाही फिरणार गाडी.
बायकोने तिच्याकडे बघून डोळे वटारले.
मावशी ठणठणीत आहे. दवाखाना म्हणजे धाकट्याचं गॅरेज. सख्खा भाऊ, सख्खी बायको, पोटची पोर! मला का नाही सांगितलं, असं विचारलं. सांगून ऐकलं असतंस का, असं बायकोने उलट मलाच विचारलं. मग हळूच म्हणाली, त्या दिवशी ती हसत नव्हती रे. अजून झोपेत दचकते.
घरी येईपर्यंत गाडी बायकोने चालवली. मी मागे बसलो.

२१ सप्टेंबर
धाकट्याशी बोलणं बंद केलं. बायकोशीही, चहापुरतं सोडून.
क्लासला आता बायको नेते. गॅलरीतून पाहिलं. वळणावर मांजर आडवं आलं, तिने ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी. मुलीने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही, आपलं पुस्तक वाचत राहिली.
चांगले पॅड आहेत. कोणत्या कंपनीचे, ते धाकट्याला विचारायला हवं होतं. बोलणं बंद करण्याआधी.