आधी विचारायचं

३ नोव्हें., सोमवार
पेठेच्या तोंडाशी पाटी लागली. 'परंड्याची दीडशे वर्षांची ऐतिहासिक पेठ'. खाली कमानी आणि लाकडी सज्ज्यांचं चित्र. रोवली नेमकी नळाजवळ. हिला म्हटलं, आता आपणही ऐतिहासिक. ती हसली नाही. घागरी मांडत होती, नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं.

५ नोव्हें., बुधवार
शेजारच्या युसूफभाईंनी घर विकलं. मला कळलं न्हाव्याकडून. अर्धी दाढी झालेली, उठून जाताही येईना.
दोन्ही घरांची भिंत एकच. तिच्यात चुलीजवळ खिडकी, दोन्हीकडून कडी. ईदचा शिरखुर्मा इकडं, आमच्या पोळ्या तिकडं. पेठेची रीत अशी की घर विकायचं तर भिंतीच्या शेजाऱ्याला आधी विचारायचं. याला शुफा म्हणतात, हे मला युसूफभाईंनीच शिकवलेलं.

८ नोव्हें., शनिवार
लिंगपूजेला बसलो. पलीकडं ट्रंका ओढल्याचा आवाज. विभूती लावली, डोळे मिटले, आणि राग जपत बसलो. शिवा.

९ नोव्हें., रविवार
यु.भाई आले. उंबऱ्यातच उभे.
"अप्पा, नाराज हाव का?"
"विचारलं का न्हाय?"
"विचारलं असतं तर तुमी नको म्हणला असता. अन् म्या थांबलो असतो. गुडघ्यानं जिना चढवत न्हाय आता. पोरगा पुण्याला बोलवून बोलवून थकला."
"म्हणूनच तर विचारायचं असतं."
वाईट बोललो. परत घेतलं नाही. चहाचंही म्हटलं नाही.

१२ नोव्हें., बुधवार
सकाळच्या कुर्डुवाडी गाडीनं गेले. मी दुकानात थांबलो, गिऱ्हाईक नसताना. हिनं खिडकीतून वाटेसाठी दशम्या दिल्या. सांगत होती, "त्यांनी कडी लावली न्हाय. म्हणाले, लावायची तर अप्पा लावतील."


१६ नोव्हें., रविवार
नवा मालक आला. शहरातला, तरुण, नम्र. पाहुण्यांना राहायला देणार, जुनं सगळं तसंच ठेवणार. खिडकीचे फोटो काढले.
"काका, ही उघडीच ठेवली तर चालेल? लोकांना बघायला आवडेल. भिंत तुमचीही आहे, म्हणून आधी तुम्हाला विचारतोय."
परक्या पोराला कळलं.
सांगतो म्हणालो. तो गेल्यावर खिडकीशी गेलो. पलीकडं रिकामी चूल, भिंतीवर त्यांच्या तव्याचा काळा गोल. आमच्या बाजूची कडी हातात धरली. हिनं विचारलं, "लावताय का?"
कडी सोडून म्हटलं, "आधी युसूफभाईंना विचारतो."